सव्वा लाख जपाचं वर्ष: माझी माळ आणि इतरांच्या माळा

जानेवारी २०२५ मध्ये सव्वा लाख नामजपाचा संकल्प केला आणि डिसेंबरात सव्वा लाखाचा आकडा पुरा झाला. मध्ये बऱ्याच जणांनी विचारलं की हे नेमकं करतात कसं, रोज किती वेळ लागतो, मन लागत नसेल तर काय करायचं. सुरुवातीला मलाही हेच प्रश्न होते आणि एका जागी उत्तरं मिळत नव्हती, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे. वर्षभरात इतर धर्मांतल्या जप करणाऱ्या माणसांजवळही बसता आलं. त्यांच्याकडून जे शिकले ते माझ्याच जपाला उपयोगी पडलं, म्हणून तेही इथे येईल.

सुरुवात झाली ती ध्यान जमत नव्हतं म्हणून. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की छातीत धडधड वाढायची आणि श्वास अडखळायचा. मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझ्या हाताला काम दे, म्हणजे मनाला परत यायला जागा राहील." तिने स्वतः दोनदा पुरश्चरण, म्हणजे ठरावीक संख्येचा जप विधीसह पुरा करणं, केलेलं आहे. मंत्र ठरायला वेळ लागला नाही, घरात लहानपणापासून ऐकलेला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्रच घेतला. मावशीचं एवढंच म्हणणं होतं की एकदा घेतला की मध्येच बदलायचा नाही.

मग तिने हिशोब मांडला. माळेत १०८ मणी असले तरी मोजताना एका माळेचे शंभरच धरायचे. वरचे आठ उच्चारातल्या चुकांसाठी आणि निसटलेल्या लक्षासाठी सोडून द्यायचे. म्हणजे सव्वा लाखाला १,२५० माळा. घाई न करता एक माळ ओढायला आठ-दहा मिनिटं लागतात. रोज चार माळा धरल्या तर पाऊण तासाच्या आत काम होतं आणि साधारण साडेदहा महिन्यांत संख्या पुरी होते. "चारच्या सहा करायच्या नाहीत," तिने बजावलं. "आज सहा केल्यास की उद्या दोन होतात." नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल एवढीच संख्या ठरवा.

माळ घेताना मणी किती मोठा हे आधी बघा. आठ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या वर दोरा, शिवाय मण्यांमधल्या गाठी. दहा मिलिमीटरचा मणी घेतलात तर माळ एक मीटरच्या पुढे जाते आणि गोमुखीत, म्हणजे माळ झाकून ओढायच्या कापडी पिशवीत, गुंता होतो. मी तुळशीची घेतली, कारण ती हलकी असते. रुद्राक्षाचा मणी खडबडीत असतो, त्यामुळे बोटाला तो न बघता समजतो. शैव परंपरेत तोच मान्य आहे. स्फटिक गार आणि जड लागतो. दोन मण्यांमध्ये गाठ असलेलीच माळ घ्यावी, हे मात्र मी ठासून सांगते. गाठ नसेल तर मणी एकमेकांवर घसरतात आणि एका वेळी दोन सरकले तरी कळत नाही. या सगळ्यात माळेचा खर्च सगळ्यात किरकोळ. रोजची वेळ राखून ठेवणं महाग पडतं.

पहिले काही आठवडे सगळं लक्ष हातातच गेलं. माळ मधल्या बोटावर ठेवायची, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. तर्जनी हे बोट दाखवण्याचं, अहंकाराचं, म्हणून ती माळेला लावायची नाही असं आपल्याकडे मानतात. मेरुमण्यापाशी, म्हणजे माळेची टोकं जुळतात तिथल्या वेगळ्या मण्यापाशी, आलं की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून शेवटच्या मण्यालाच पहिला मणी करायचा. वाचताना सोपं वाटतं, पण गोमुखीच्या आत, न बघता, एका हाताने करायला सराव लागतो. अंगठ्याने मेरू धरायचा, मधलं बोट खालून काढून दुसऱ्या बाजूने घालायचं आणि मग अंगठा सोडायचा. आधी पिशवीबाहेर, डोळ्यांसमोर करून पाहा. हाताला जमलं की गोमुखीत हात घाला.

आवाजाबद्दलही विचारलं जातं. जप तीन प्रकारचा सांगितला आहे: मोठ्याने तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मानस जप सगळ्यात श्रेष्ठ म्हणतात, पण झोपही त्यातच सगळ्यात आधी लागते. मी पहिली माळ वाचिक आणि उरलेल्या उपांशु असा क्रम लावला, तो शेवटपर्यंत टिकला.

मार्चमध्ये रमजान होता. आमच्या ओळखीच्या एक आपा आहेत, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांच्या हातात तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, मी अनेकदा पाहिली होती, पण विचारायचं धाडस केलं नव्हतं. या वेळी विचारलं, "आपा, तुम्ही पढता तेव्हा मी बाजूला बसले तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "बस की. तू तुझ्या देवाचं नाव घे, मी माझ्या अल्लाहचं घेते." मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर त्यांच्याशेजारी बसायला लागले, तेव्हा त्यांची मोजणी किती नेटकी आहे ते पाहायला मिळालं. सुभानअल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहु अकबर ३३ वेळा आणि शंभरी पुरी करायला एकदा ‘ला इलाहा इल्लल्लाह’ने सुरू होणारं लांब वाक्य. काही जण अल्लाहु अकबर ३४ वेळा म्हणून शंभर करतात. शिया परंपरेत क्रम वेगळा असतो, तिथे ३४ वेळा अल्लाहु अकबर आधी येतं. ९९ मण्यांच्या तसबीहमध्ये दर ३३ मण्यांनंतर एक वेगळ्या आकाराचा मणी असतो, म्हणून बोट थांबतं आणि जीभ पुढच्या वाक्याकडे वळते. ३३ मण्यांची छोटी तसबीह असेल तर तीन फेरे. मेरूपाशी उलटायचा नियम तिथे नाही, आणि तर्जनीलाही मज्जाव नाही.

आपांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तसबीह हाताला सोयीची असली तरी त्यांच्यातले बरेच जाणकार बोटांवर मोजणं अधिक चांगलं मानतात. पैगंबरांनी स्त्रियांना बोटांवर मोजायला सांगितलं होतं, कारण कयामतच्या दिवशी बोटांना विचारलं जाईल आणि ती बोलतील, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहे. हे सांगताना त्यांनी स्वतःची बोटं उघडून माझ्यासमोर धरली. गुडघ्यावर हात ठेवून त्या बोटांच्या पेरांवर मोजतात.

घरी येऊन मावशीला हे सांगितलं, तेव्हा तिने मला करमाळा, म्हणजे बोटांच्या पेरांचीच माळ, शिकवली. इतकी वर्षं ती माझ्या हातातच होती आणि मला ठाऊक नव्हती. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करायची. मग अनामिकेचं खालचं पेर, तिथून करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं आणि खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. उजव्या हातावर दहा झाले की डाव्या हातावर एक धरायचा. प्रवासात, रुग्णालयाच्या बाकावर, कुठेही माळ काढायची नसेल तेव्हा हीच उपयोगी पडली. एप्रिलमध्ये घरातल्या आजारपणामुळे अनेक रात्री बाहेर काढाव्या लागल्या. त्या दिवसांतला सगळा जप बोटांवरच झाला आणि वहीत ‘कर’ असा शेरा मारून तो मी मोजला.

वही आवर्जून ठेवा. तारीख, माळा, एकूण आणि शेरा, असे चार रकाने पुरेत. बोटात घालायचं बटणाचं मोजणीयंत्र मीही वापरून पाहिलं आणि आठवड्याभरात बाजूला ठेवलं. त्यावर आकडा दिसतो, त्यामुळे डोळा तिकडेच जातो आणि जीभ पळायला लागते. माळेत आपण कुठवर आलो ते कळत नाही, ही माळेची मोठीच सोय आहे.

मे-जून हे दोन महिने सगळ्यात कठीण गेले. नवेपणा संपलेला, शेवट लांब. दुसऱ्या माळेपासून जांभया सुरू व्हायच्या. मंत्र यंत्रासारखा चालायचा आणि डोक्यात ऑफिसचे हिशोब. याच सुमाराला तिबेटी बौद्ध साधना करणाऱ्या एका मैत्रिणीशी बोलणं झालं. त्यांच्यात पूर्वतयारीच्या साधनेतच एकेक गोष्ट एक-एक लाख वेळा करतात, त्यात साष्टांग दंडवतसुद्धा येतं. तिच्या माळेतही १०८ मणी, आणि मोजताना तीही शंभरच धरते, कारणही तेच: उरलेले आठ चुकांचे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिला मावशीचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिच्या माळेला दहा-दहा बारीक मण्यांच्या दोन दोऱ्या लोंबतात. एक माळ झाली की पहिल्या दोरीतला एक मणी वर सरकवायचा. दहा माळा झाल्या की दुसऱ्या दोरीतला. म्हणजे वहीशिवाय हजारांचा हिशोब माळेतच राहतो.

कंटाळ्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कंटाळा आला की गती कमी कर. आपण नेमकं उलटं करतो." मी करून पाहिलं. एका श्वासावर एक नाम. माळेला दुप्पट वेळ लागायला लागला, म्हणून काही दिवस चारच्या दोनच माळा केल्या, पण जांभया थांबल्या. यावर वाचताना एक अभ्यास सापडला. इटलीतले लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली तो छापून आला. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मारियेची, म्हणजे येशूच्या आईची, प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. एरवी तो बारा ते वीस असतो. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणाही अधिक चांगली चालताना दिसली. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून कुणी औषधं बंद करू नयेत. मला मात्र जानेवारीत अडखळणारा माझा श्वास आठवला. श्वासाकडे बघून तो कधी शांत झाला नव्हता. नामाकडे बघताना तो आपोआप लांबला.

जुलैमध्ये मेरूजवळचा दोरा विरायला लागला. रोजची माळ असेल तर हे होणारच, कारण उलटताना सगळा ताण तिथेच येतो. दोऱ्याला तूस दिसलं की तुटायची वाट बघू नका. जुनी माळ ताटात सोडवून घ्या, म्हणजे मणी घरभर होत नाहीत. मी जाड सुती दोरा घेतला, माळेच्या लांबीच्या चौपट, कारण गाठी बराच दोरा खातात. खरी मेहनत गाठीची आहे. मणी ओवायचा, त्याच्या पुढे सैल गाठ मारायची, त्या गाठीत सुई घालायची आणि सुईच्या टोकाने गाठ मण्याच्या अगदी तोंडापर्यंत रेटायची, मग सुई काढून घट्ट ओढायची. सुई आधी काढली तर गाठ मध्येच बसते आणि सोडवता सोडवत नाही. पूर्ण माळ ओवायला दोन संध्याकाळी लागल्या. तोवर माझ्या हातात मणी नुसते जात होते. ओवताना प्रत्येक मणी वेगळा दिसला. काही मणी अंगठ्याने इतके गुळगुळीत झाले होते की लाकडाच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. तुळशीची माळ पाण्यात भिजवू नका, कोरड्या कपड्याने पुसलेली पुरे.

१०८ हाच आकडा का, हे कुणीतरी विचारतंच. मला आवडलेलं उत्तर एका जैन काकांनी दिलं. नवकार मंत्रात ज्या पाचांना वंदन आहे त्यांचे गुण ते मोजून दाखवतात: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. बेरीज १०८. एकेक मणी म्हणजे एकेक गुण. आपल्याकडे २७ नक्षत्रं आणि प्रत्येकाचे चार चरण, असाही हिशोब सांगतात.

ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. मैत्रिणीच्या आईला मी आंटी म्हणते. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी सगळे मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, तिथे जाऊन बसले. या माळेची रचना आपल्या माळेपेक्षा फारच वेगळी. एकूण ५९ मणी. क्रुसापासून सुरुवात, तिथे ‘श्रद्धेचा अंगीकार’ ही प्रार्थना म्हणायची. मग लोंबत्या भागातला एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा. त्यानंतर गोल भागात दहा-दहा लहान मण्यांचे पाच गट आणि मध्ये एकेक मोठा मणी. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, लहान मण्यांवर मारियेची. अर्धी प्रार्थना आंटी म्हणायच्या, उरलेली अर्धी बाकी सगळे. पाच गटांना वीसेक मिनिटं लागतात.

मी गेले तो मंगळवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात; रहस्य म्हणजे जपताना मनात आणायचा एकेक प्रसंग. पहिल्या दहा मण्यांना गेथशेमाने बागेतली येशूची व्याकुळ रात्र, दुसऱ्या दहांना फटके, मग काट्यांचा मुकुट, मग क्रूस वाहणं, मग क्रुसावरचा मृत्यू. जीभ दहाही वेळा तीच प्रार्थना म्हणते आणि मन मात्र त्या एका दृश्यासमोर उभं राहतं. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पंधरा रहस्यं शतकानुशतकं होती. त्यांच्या १५० प्रार्थना, बायबलमधल्या १५० स्तोत्रांइतक्या. प्रकाशाची पाच रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, ती गुरुवारी म्हणतात. जप करताना मन कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला वर्षभर पडला होता. शब्दावर ठेवायला जावं तर ते निसटायचं. आंटींच्या घरी कळलं की जीभेचं आणि मनाचं काम वेगळं असू शकतं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या माळेत तसं करून पाहिलं. चार माळांना रामाचे चार प्रसंग ठरवले. वनवासाला निघालेला राम, शबरीच्या दारातला, सेतूवरचा, आणि भरताला मिठी मारणारा. माळ तीच, मंत्र तोच. पण पूर्वी माळ संपायची वाट बघायचे, आता भरतभेटीची माळ संपूच नये असं वाटायचं. वर्षभरातली ही सगळ्यात मोठी मिळकत.

निघताना आंटींना विचारलं, "मी तुमच्या प्रार्थना म्हटल्या नाहीत, नुसती बसले, वाईट नाही ना वाटलं?" त्या म्हणाल्या, "अगं, आमच्यातही कितीजण नुसते बसतात. तू आलीस ना!" दुसऱ्याच्या जपाला जाणार असाल तर आधी विचारा, वेळेच्या थोडं आधी पोहोचा, त्यांची माळ विचारल्याशिवाय हातात घेऊ नका. आणि ज्या शब्दांवर आपला विश्वास नाही ते नुसती चव बघायची म्हणून उच्चारू नका. त्यांच्यासाठी ते शब्द म्हणजे आयुष्य आहे. चार परंपरांच्या माळा विकत घेऊन आलटून पालटून फिरवाव्यात, असाही सल्ला हल्ली दिला जातो. मला तो पटत नाही. माळ आपली एक असावी. शिकायचं मात्र सगळ्यांकडून.

नोव्हेंबरमध्ये एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मित्राने त्यांची जपाची दोरी दाखवली. तिच्यात मणीच नसतात, काळ्या लोकरीच्या गाठी असतात; ३३, ५०, १०० किंवा ३०० गाठींच्या दोऱ्या करतात. प्रत्येक गाठ क्रूस एकमेकांत गुंफून बांधलेली, त्यामुळे ती घट्ट बसते आणि सुटत नाही. प्रत्येक गाठीवर एक वाक्य: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. तो दोरी डाव्या हातात धरतो, म्हणजे उजवा हात क्रुसाची खूण करायला मोकळा राहतो. दोरीला अजिबात आवाज नाही, म्हणून गर्दीतही तो कुणाच्या नकळत जप करतो. ज्यांना चारचौघांत माळ काढायचा संकोच वाटतो त्यांनी गाठींची दोरी जरूर करून बघावी, आपल्या नामासाठीही चालते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहीत १,२५० चा आकडा लागला. शेवटची माळ ठरवून हळू ओढली. त्यानंतर काही मोठं घडेल असं वाटलं होतं का? थोडंसं, हो. घडलं ते इतकंच की बराच वेळ उठावंसं वाटलं नाही.

संख्या झाली म्हणजे काम संपलं असं नाही, हे अनेकांना माहीत नसतं. पुरश्चरणाचा पुढचा हिशोब दशांशांचा आहे. जपाच्या दशांश होम, म्हणजे १२,५०० आहुती. होमाच्या दशांश तर्पण, म्हणजे पाणी अर्पण करणं, १,२५०. त्याच्या दशांश मार्जन, म्हणजे पाणी शिंपडणं, १२५. आणि त्याच्या दशांश अन्नदान, म्हणजे बारा-तेरा माणसं. घरात एवढा होम शक्य नव्हता. मावशी म्हणाली, ज्याला होम जमत नाही त्याने त्याऐवजी जादा जप करावा, अशी मुभा आहे. किमान दशांशाइतका तरी करच. म्हणजे आणखी १२५ माळा. त्या सध्या चालू आहेत, रोज दोन. अन्नदान मात्र केलं, आणि जेवायला आपा आणि आंटी दोघीही होत्या.

झोप सुधारली आहे. श्वासाकडे बघत बसणं अजूनही जमत नाही आणि आता त्याची गरजही वाटत नाही. तुम्ही सुरू करणार असाल तर मंत्र आणि रोजची संख्या ठरवून, वहीत पहिली तारीख लिहूनच माळ हातात घ्या. काही अडलं तर ज्याने जप पुरा केला आहे अशा माणसाला विचारा. तो तुमच्याच धर्माचा असला पाहिजे असं काही नाही.